पायकंट्री वापरताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन दुकानात पत्ता घेणारा अर्ज असो, निर्यातीच्या बिलांचा हिशेब असो किंवा परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाची सदस्य-नोंदणी असो, पायथॉनमध्ये काम करणाऱ्याला कधी ना कधी देशांची यादी लागतेच. ती कुठून तरी कॉपी-पेस्ट करून प्रोग्रॅममध्ये डकवू नये, असं माझं ठाम मत आहे. अशा यादीत कुठला देश सुटलाय, कुठलं नाव जुनं आहे हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पायकंट्री ही छोटी लायब्ररी हे काम नीट करते. मात्र ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे आधी माहीत हवं.

फंक्शनची आणि देशांच्या कोडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती रोमी अक्षरांत टाइप करायची, आणि अंडरस्कोअर दाखवलाय तिथे तो घालायचाच.

पायकंट्रीमध्ये नेमकं काय असतं?

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे आयएसओने ठरवलेल्या काही याद्या असतात. देशांची यादी म्हणजे आयएसओ ३१६६ चा पहिला भाग. दुसऱ्या भागात राज्यं, प्रांत वगैरे येतात आणि तिसऱ्या भागात यादीतून काढलेले जुने देश. शिवाय भाषा (६३९), चलनं (४२१७) आणि लिप्या (१५९२४) आहेत. हा डेटा डेबियन लिनक्सच्या ‘आयएसओ-कोड्स’ या पॅकेजमधून जसाच्या तसा घेतलेला असतो.

प्रत्येक देशाला दोन अक्षरी कोड, तीन अक्षरी कोड, तीन आकडी कोड आणि नाव असतं, बऱ्याच देशांना अधिकृत लांब नावही असतं. भारताचं उदाहरण घ्या: आयएन, आयएनडी, ३५६, ‘इंडिया’ आणि ‘रिपब्लिक ऑफ इंडिया’.

इन्स्टॉल कशी करायची? इंटरनेट लागतं का?

‘पिप इन्स्टॉल पायकंट्री’ एवढंच. इंटरनेट फक्त त्या वेळी लागतं. पुढे सगळा डेटा तुमच्याच मशीनवर असतो, एपीआय-की (सेवा वापरण्यासाठीचा परवली-क्रमांक) नाही, रोजची मर्यादा नाही. मला ही लायब्ररी आवडण्याचं मोठं कारण हेच आहे. देशाचं नाव शोधण्यासाठी दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून राहिलं, तर तो सर्व्हर बंद पडला की आपला अर्जही अडकतो.

पायइन्स्टॉलरने (पायथॉन प्रोग्रॅमची थेट चालणारी फाइल करून देणारं साधन) एक्झी फाइल करणार असाल, तर डेटाच्या फाइल्सही त्यात आल्यात ना, हे तपासून घ्या. त्या सुटल्या तर प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालतो आणि ग्राहकाच्या मशीनवर पडतो.

गेट, लुकअप आणि सर्च_फझी यांतलं काय वापरायचं?

तुमच्या हातात काय आहे त्यावर हे ठरतं.

कोड हातात असेल तर गेट. ‘पायकंट्री.कंट्रीज.गेट(अल्फा_२='आयएन')’ असं लिहिलं की भारत मिळतो. असा कोड यादीत नसेल तर गेट ‘नन’ (म्हणजे ‘काही नाही’) परत करतं, आरडाओरडा करत नाही. म्हणून पुढच्या ओळीत थेट ‘.नेम’ मागू नका, आधी नन आहे का ते बघा. गेटची खूप जुनी आवृत्ती की-एरर द्यायची, त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत गेटभोवती ट्राय-एक्सेप्ट (एरर आली तर सांभाळून घेणारा कोड) दिसतं. आज त्याचा उपयोग नाही. त्याच लेखांत अल्फा२ असं अंडरस्कोअरशिवाय लिहिलेलं असतं, तेही आता चालत नाही.

कोड आहे की नाव हेच माहीत नसेल, म्हणजे एकाच रकान्यात कुणी ‘आयएनडी’ लिहिलंय आणि कुणी ‘इंडिया’, तर लुकअप. ते लहान-मोठी अक्षरं सारखीच मानतं आणि सगळ्या खणांत शोधतं. काही सापडलं नाही तर लुकअप-एरर देतं.

सर्च_फझीबद्दल गैरसमज फार आहे. नावावरून वाटतं की स्पेलिंगच्या चुका ते पोटात घालेल. तसं नाही. ते ॲक्सेंटची चिन्हं काढून टाकतं आणि तुमचे शब्द नावाचा तुकडा म्हणून कुठे सापडतात का ते बघतं. ‘इंडिया’च्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर त्याला काहीच सापडणार नाही. उलट बरोबर स्पेलिंग दिलं तर भारतासोबत ‘ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी’ही यादीत येते, कारण तिच्या नावात तो तुकडा आहे. राज्यांच्या नावांतही ते शोधतं, त्यामुळे ‘गोवा’ रोमीत टाकलं तर भारत मिळतो आणि ‘इंग्लंड’ टाकलं तर युनायटेड किंगडम. माणसासमोर चार पर्याय ठेवून त्यातला निवडायला सांगायचा असेल तर हे फंक्शन उत्तम आहे. लाखभर ओळींच्या फाइलवर आपोआप चालवून पहिलं उत्तर डोळे मिटून घेण्यासाठी ते नाही. ते हळूही आहे. मोठी फाइल असेल तर आधी त्यातली वेगवेगळी नावं बाजूला काढा आणि प्रत्येक नाव एकदाच शोधा.

‘यूके’ टाकलं तर देश का मिळत नाही?

युनायटेड किंगडमचा कोड जीबी आहे. ‘यूके’ ही अक्षरं मानकात राखून ठेवलेली आहेत, म्हणजे ती दुसऱ्या कुणाला दिली जाणार नाहीत, पण यादीत ती देश म्हणून नाहीत. लुकअप त्यावर एरर देतं, आणि सर्च_फझी तर ‘यूके’ने सुरू होणारं नाव म्हणून युक्रेन पुढे करू शकतं. युरोपियन युनियनचा ‘ईयू’ही असाच राखीव आहे. हे दोन अपवाद तुमच्या प्रोग्रॅममध्ये वेगळे लिहून ठेवा.

यादीत २४९ नोंदी दिसतात. जगात एवढे देश आहेत?

नाहीत. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३ आहेत. आयएसओची यादी ‘सार्वभौम देश कोणते’ या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी बनलेली नाही. हाँगकाँग, प्वेर्तो रिको, ग्रीनलँड यांना स्वतंत्र कोड आहेत. अंटार्क्टिकालाही आहे (एक्यू), आणि जिथे कुणी कायमचं राहत नाही अशा बुव्हे बेटालाही (बीव्ही). टपाल, जहाजवाहतूक, आकडेवारी यांना ते वेगळे मोजावे लागतात, म्हणून ते वेगळे.

तेव्हा ‘तुमचं नागरिकत्व कोणतं’ या प्रश्नाखाली ही अख्खी यादी टाकू नका. ‘पार्सल कुठे पाठवायचं’ या प्रश्नाखाली मात्र ती जवळपास तशीच ठेवता येते.

कोसोव्हो का नाही?

कोसोव्होला आयएसओने कोड दिलेला नाही. व्यवहारात अनेक संस्था एक्सके वापरतात, कारण एक्सए ते एक्सझेड हा पट्टा मानकाने वापरकर्त्यांना हवा तसा वापरायला मोकळा सोडला आहे. तुम्हाला हवा असेल तर पायकंट्रीच्या नव्या आवृत्त्यांत ‘ॲड_एंट्री’ आहे, त्याने प्रोग्रॅम सुरू होताना ही नोंद घालता येते. ती फक्त तेवढ्या वेळापुरती, मेमरीत राहते.

नाव साठवायचं की कोड?

कोड. या पानावरचा एकच सल्ला लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. डेटाबेसमध्ये दोन किंवा तीन अक्षरी कोड ठेवा आणि नाव दाखवायच्या वेळी लायब्ररीकडून घ्या.

स्वाझीलंडने २०१८ मध्ये एस्वातिनी हे नाव घेतलं, कोड एसझेड तोच राहिला. २०१९ मध्ये मॅसेडोनियाचं उत्तर मॅसेडोनिया झालं, एमके तोच राहिला. २०२२ मध्ये तुर्कस्तानचं इंग्रजी नाव मानकात बदलून ‘तुर्किये’ झालं, टीआर तोच आहे. ज्यांच्या डेटाबेसमध्ये जुनं इंग्रजी नाव साठवलेलं होतं त्यांनी पायकंट्री अपडेट केल्यावर त्या नावाने शोधलं, तर काहीच सापडत नाही. टीआर साठवणाऱ्यांना काही करावं लागलं नाही.

म्हणजे कोड कधीच बदलत नाहीत?

बदलतात, पण कमी वेळा. कसे बदलतात ते कळलं की जुना डेटा हाताळणं खूप सोपं होतं.

अक्षरी कोड नावावरून येतो, म्हणून नाव बदललं की कधीकधी तो बदलतो. आकडी कोड संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाकडून येतो आणि भूभागाशी बांधलेला असतो, म्हणून नाव बदललं तरी तो टिकतो, पण सीमा बदलल्या की बदलतो. १९८९ मध्ये बर्माचा म्यानमार झाला, तेव्हा बीयू जाऊन एमएम आला, पण १०४ हा आकडा तसाच राहिला. १९९७ मध्ये झैरेचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक झालं. झेडआर जाऊन सीडी आला, १८० कायम राहिला. जर्मनीत याच्या बरोबर उलट झालं. १९९० मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या, पश्चिम जर्मनीचा डीई कायम राहिला, पण आकडा २८० वरून २७६ झाला. २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला तेव्हा उरलेल्या सुदानचा एसडी तोच राहिला आणि आकडा ७३६ चा ७२९ झाला.

लोकसंख्या, व्यापार अशा वर्षानुवर्षांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्यांना म्हणूनच आकडी कोड जास्त प्रामाणिक वाटतो. १९८५ च्या आणि २०१५ च्या सुदानचे आकडे एकाच रेषेवर काढले तर रेषा मध्येच कोसळते. आकडी कोड आधीच सांगून ठेवतो की हे दोन वेगळे भूभाग आहेत.

खरी पंचाईत होते ती कोड पुन्हा वापरल्यामुळे. सीएस हा कोड आधी चेकोस्लोव्हाकियाचा होता. तो देश १९९३ मध्ये विभागला गेला आणि २००३ मध्ये तोच कोड सर्बिया आणि माँटेनेग्रोला दिला गेला. २००६ मध्ये तोही देश विभागला. आता नुसतं ‘सीएस’ लिहिलेलं असेल तर तारीख माहीत असल्याशिवाय देश सांगता येत नाही. पुढे मानकात नियम कडक झाला आणि सोडलेला कोड ५० वर्षं तरी दुसऱ्याला द्यायचा नाही असं ठरलं. तरीही जुन्या नोंदींत देशाच्या कोडशेजारी नोंदीची तारीख असलीच पाहिजे.

जुने देश कुठे शोधायचे?

‘पायकंट्री.हिस्टॉरिक_कंट्रीज’मध्ये. इथे चार अक्षरी कोड असतात. पहिली दोन अक्षरं जुन्या कोडची आणि पुढची दोन बहुधा नव्या देशाची असतात: बर्माचा बीयूएमएम, झैरेचा झेडआरसीडी, पूर्व जर्मनीचा डीडीडीई. ज्याचा एकच वारस नाही त्याच्या पुढे एचएच लागतं, म्हणून सोव्हिएत संघाचा एसयूएचएच.

या नोंदींत ‘विथड्रॉल_डेट’ असते. ती देश संपल्याची तारीख नाही, कोड यादीतून काढल्याची आहे. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये विसर्जित झाला, पायकंट्री त्यासाठी ३० ऑगस्ट १९९२ दाखवते. शाळेच्या प्रकल्पात इतिहासाची तारीख म्हणून ही वापरली तर चूक होईल.

याच यादीत आपल्या जवळची एक नोंद आहे: सिक्कीम, एसकेआयएन. मानकाची पहिली आवृत्ती १९७४ ची आणि सिक्कीम भारतात आलं १९७५ मध्ये, त्यामुळे जेमतेम काही काळ सिक्कीमला एसके हा स्वतःचा कोड होता. आज एसके म्हणजे स्लोव्हाकिया. गोवा मात्र या यादीत शोधून सापडणार नाही. तो १९६१ मध्येच मुक्त झाला होता, मानक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. ज्यांच्या अर्जात पोर्तुगीज काळातला जन्म नोंदवायचा असतो त्यांनी ‘जन्माच्या वेळचं प्रशासन’ असा वेगळा रकाना ठेवावा. देशाच्या कोडवर हे ओझं टाकू नये.

महाराष्ट्र, गोवा अशी राज्यं मिळतात का?

मिळतात. ‘पायकंट्री.सबडिव्हिजन्स.गेट(कंट्री_कोड='आयएन')’ लिहिलं की भारताची सगळी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळतात. महाराष्ट्र आयएन-एमएच, गोवा आयएन-जीए. प्रत्येकाचा ‘टाइप’ असतो, त्यावरून राज्य आणि केंद्रशासित प्रदेश वेगळे करता येतात. जिल्हे नसतात, म्हणजे पुणे किंवा सिंधुदुर्ग इथे शोधू नका.

दोन गोष्टींनी लोक हमखास अडतात. एक म्हणजे मानकातली राज्यांची नावं दीर्घ स्वरांच्या खुणांसह लिहिलेली आहेत, ‘महाराष्ट्र’च्या रोमी स्पेलिंगमधल्या दोन ‘ए’वर आडव्या रेघा आहेत. साध्या स्पेलिंगने ‘गेट(नेम=...)’ केलं तर नन मिळतं. म्हणून राज्यही कोडनेच शोधा.

दुसरी म्हणजे कोडच बदललेले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये चार राज्यांचे कोड बदलले: छत्तीसगढ सीटीचं सीजी, ओडिशा ओआरचं ओडी, उत्तराखंड यूटीचं यूके आणि तेलंगण टीजीचं टीएस. बहुतेक ठिकाणी यामुळे गाड्यांच्या नंबरप्लेटशी मेळ बसला, पण तेलंगणने २०२४ मध्ये नंबरप्लेट टीएसवरून टीजीवर नेली. नंबरप्लेट आणि आयएसओ कोड एकच आहेत असं गृहीत धरणारा प्रोग्रॅम लिहू नका. जीएसटी क्रमांकाच्या सुरुवातीचे दोन आकडेही पूर्ण वेगळे असतात, महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. ते पायकंट्रीत नाहीत, त्यांचा छोटा तक्ता स्वतः ठेवावा लागतो.

देशांची नावं मराठीत कशी दाखवायची?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण मराठी अर्जात मध्येच देशांची इंग्रजी यादी उघडते तेव्हा तो अर्ज अर्धवटच वाटतो. आणि हे टाळणं अवघड नाही.

पायकंट्रीसोबत भाषांतरांच्या फाइल्स येतात, मराठीच्याही. पायथॉनच्या ‘गेटटेक्स्ट’ला (भाषांतरं शोधून देणाऱ्या भागाला) ‘पायकंट्री.लोकेल्स_डीर’ हा फोल्डर, ‘आयएसओ३१६६-१’ हे डोमेन आणि एमआर ही भाषा दिली की ‘इंडिया’ या शब्दासाठी ‘भारत’ मिळतो. मात्र इथे भाषांतराची चावी म्हणजे इंग्रजी नाव आहे, कोड नाही. मानकात इंग्रजी नाव जरासं बदललं की जुनं भाषांतर जुळत नाही, आणि कुणी स्वयंसेवकाने नवं भरेपर्यंत तुमच्या मराठी यादीत एखादं इंग्रजी नाव उगवतं. एररही येत नाही, म्हणून यादी एकदा डोळ्यांनी वाचावीच लागते.

माझी पसंती दुसऱ्या वाटेला आहे. ‘बेबल’ ही लायब्ररी युनिकोडच्या सीएलडीआर या वेगवेगळ्या भाषांतल्या नावांच्या संग्रहातून नावं घेते. ‘लोकेल('एमआर').टेरिटरीज’ मध्ये आयएन विचारलं की भारत मिळतो. इथे चावी कोड असल्यामुळे इंग्रजी नाव बदललं तरी फरक पडत नाही. फक्त तिच्यात खंड, ‘जग’, ‘अज्ञात प्रदेश’ अशाही नोंदी असतात. म्हणून कोडांची यादी पायकंट्रीकडून घ्या आणि प्रत्येक कोडचं मराठी नाव बेबलकडून.

मराठी यादी अकारविल्हे लावली, तरी काही नावं शेवटी का जातात?

पायथॉनचं ‘सॉर्टेड’ युनिकोडच्या क्रमांकाप्रमाणे लावतं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आलं आणि त्याची जागा ‘ह’च्याही पुढे आहे, म्हणून ‘ॲ’ने सुरू होणारं नाव थेट तळाला जातं. भर म्हणजे हाच उच्चार काही जण एका अक्षराने टाइप करतात आणि काही जण ‘अ’ आणि वरचा चंद्र अशा दोन चिन्हांनी. दिसायला सारखं, पण संगणकाच्या दृष्टीने वेगळं, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन या दोघांना एक करत नाही. आपल्या यादीत एकच पद्धत ठरवा आणि दुसरी तिच्यात बदलून घ्या. क्रमासाठी ‘पायआयसीयू’ या लायब्ररीचा मराठी कोलेटर (भाषेप्रमाणे क्रम लावणारा भाग) वापरा. फक्त देशांच्या नावांसाठी तेवढा खटाटोप नको असेल, तर क्रम लावताना तात्पुरतं ‘ॲ’च्या जागी ‘अ’ धरलं तरी काम भागतं.

वापरणारा मराठीत टाइप करून देश शोधू शकतो का?

पायकंट्रीचा शोध मराठी ओळखत नाही. ‘भारत’ देवनागरीत दिलं तर सर्च_फझी लुकअप-एरर देतं. उपाय सोपा आहे: प्रोग्रॅम सुरू होताना मराठी नावाकडून कोडकडे जाणारी एक डिक्शनरी बनवा. तिच्यात लोक प्रत्यक्षात जे लिहितात तेही घाला. कुणी ‘अमेरिकेची संयुक्त संस्थानं’ असं टाइप करत नाही, ‘अमेरिका’ लिहितात. ‘इंग्लंड’ आणि ‘ब्रिटन’ दोन्ही जीबीकडे न्या. घरातली वडीलधारी मंडळी अर्ज भरणार असतील तर ‘ब्रह्मदेश’ आणि ‘सिलोन’ही असू द्या.

‘कोरिया, रिपब्लिक ऑफ’ अशी उलटी नावं का?

मानकात मूळ नाव आधी आणि बाकीचं स्वल्पविरामानंतर, अशी पद्धत आहे. इराणचंही तसंच. अकारविल्हे यादीत दोन्ही कोरिया शेजारी-शेजारी येतात आणि घाईत चुकीचा निवडला जातो, म्हणून ड्रॉपडाउनमध्ये ‘दक्षिण कोरिया’, ‘उत्तर कोरिया’ असंच लिहावं. काही देशांना ‘कॉमन_नेम’ असतं. बोलिव्हिया, व्हिएतनाम, तैवान यांचं ते आहे. तैवानच्या बाबतीत ते वापराच, कारण मानकातल्या नावात ‘चीनचा प्रांत’ असे शब्द आहेत आणि तैवानच्या ग्राहकाला ते दाखवणं बरं नव्हे. ज्या देशाला कॉमन_नेम किंवा ऑफिशियल_नेम नाही, तिथे नव्या आवृत्त्या इशारा देऊन साधं नाव परत करतात.

नामिबिया आणि नॉर्वे गायब झाले! पायकंट्रीची चूक आहे का?

नाही. नामिबियाचा कोड एनए आहे. पांडाज ही तक्ते हाताळणारी लायब्ररी सीएसव्ही फाइल वाचताना ‘एनए’ म्हणजे ‘माहिती नाही’ असं समजतं आणि तो खण रिकामा करतं. ‘रीड_सीएसव्ही’ला ‘कीप_डिफॉल्ट_एनए=फॉल्स’ द्या. नॉर्वेचा एनओ यामल फाइलमध्ये (सेटिंग्ज लिहायचा एक प्रकार) अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर ती वाचणारी पाययामल लायब्ररी त्याला ‘नो’ म्हणजे ‘फॉल्स’ समजते. कोड नेहमी अवतरणचिन्हांत लिहा.

आकडी कोडांचा असाच एक त्रास आहे. अफगाणिस्तान ००४, बांगलादेश ०५०, भूतान ०६४. एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं, मग ‘५०’ने शोधलं तर पायकंट्रीला काही सापडत नाही. पायकंट्रीत हे कोड मजकूर (स्ट्रिंग) म्हणून आहेत, संख्या म्हणून नाहीत. ‘झेडफिल(३)’ने शून्यं परत आणता येतात.

राजधानी, लोकसंख्या, फोनचा कोड का मिळत नाही?

कारण ते या मानकांत नाही. राजधानी, क्षेत्रफळ, शेजारी देश यांसाठी ‘कंट्रीइन्फो’सारख्या लायब्ररी आहेत. त्यांचा डेटा कधीचा आहे ते बघूनच वापरा. कझाकस्तानची राजधानी अस्ताना २०१९ मध्ये नूर-सुलतान झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. दक्षिण आफ्रिकेला तीन राजधान्या आहेत, एकाच रकान्यात त्यातली एकच मावते. लोकसंख्येचा आकडा तर कुठल्याही लायब्ररीतून घेऊच नका, तो वर्षासकट मूळ स्रोतातून घ्यावा.

फोनसाठी ‘फोननंबर्स’ वापरा. फोनच्या कोडवरून देश ओळखायचा मोह टाळा: +१ अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले कित्येक देश वापरतात, +७ रशिया आणि कझाकस्तान.

देशावरून चलन किंवा भाषा काढता येते का?

थेट नाही. चलनांची आणि भाषांची यादी आहे, पण देशाशी जोडलेली नाही. भारतीय रुपयाचा आकडी कोड ३५६ आणि भारताचाही ३५६, हे बघून लोक सगळीकडे तसंच असेल असं धरतात. युरोचा ९७८ आहे आणि तो कुठल्याच देशाचा नाही. चलनाच्या नोंदीत रुपयाचं चिन्हही नसतं आणि दशांशस्थळंही नसतात. जपानी येनला एकही नाही, कुवेती दिनाराला तीन. हे सगळं बेबलकडून घ्या, मराठी लोकेल दिलं की लाख-कोटींचे स्वल्पविरामही ती बरोबर टाकते.

भाषांमध्ये मराठीचे कोड एमआर आणि एमएआर. कोकणीसाठी केओके हा व्यापक कोड आहे आणि गोव्याच्या कोकणीसाठी जीओएम वेगळा. लिप्यांमध्ये देवनागरी आहेच, आणि मोडीही आहे. मोडी कागदपत्रांची सूची करणाऱ्यांनी लिपीचा रकाना याच कोडने भरावा.

झेंडे विंडोजवर अक्षरं म्हणून का दिसतात?

पायकंट्रीत देशाच्या नोंदीत ‘फ्लॅग’ही असतो. त्यात चित्र नसतं, दोन अक्षरी कोडची दोन खास युनिकोड चिन्हं असतात. त्यांचा झेंडा करायचं काम फाँटचं. विंडोजच्या इमोजी फाँटमध्ये देशांचे झेंडे नाहीत. सगळीकडे दिसायला हवेत तर चित्रांच्या फाइल्स वापरा.

नवी आवृत्ती आली की लगेच घ्यावी का?

आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून असतो. २४.६.१ म्हणजे २०२४ च्या जूनमधली. प्रोग्रॅममध्ये ती ठरावीक क्रमांकाला बांधून ठेवा. नवी घेताना आधी जुन्या आणि नव्या आवृत्तीतून देश आणि राज्यांचे कोड दोन फाइलींत काढून फरक बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि आयएन-ओआर नाहीसा झालाय हे ओडिशातल्या ग्राहकाने कळवण्याआधी तुम्हाला कळतं.

डेटात चूक दिसली तर कुणाला कळवायची?

पायकंट्रीच्या सांभाळणाऱ्यांचं धोरण स्पष्ट आहे: ते स्वतः डेटात बदल स्वीकारत नाहीत. डेटा जसा आला तसा पुढे देतात. कुठल्या देशाचं नाव काय असावं या वादात लायब्ररी पडत नाही, आणि मला हे योग्यच वाटतं. मानकाशी न जुळणारी चूक असेल तर ती डेबियनच्या आयएसओ-कोड्स प्रकल्पाकडे जाते. मराठी भाषांतरं सुधारायची असतील तरी तिथेच. ज्यांना प्रोग्रॅमिंगपेक्षा भाषेत जास्त रस आहे, त्यांच्यासाठीही तिथे काम आहे.

ऑफिसच्या कामात वापरली तर परवान्याची अडचण येते का?

परवाना एलजीपीएल २.१ आहे. लायब्ररी न बदलता पिपने घेऊन वापरत असाल तर तुमचा स्वतःचा प्रोग्रॅम खुला करावा लागत नाही. लायब्ररीतच बदल करून ती ग्राहकाला देणार असाल, तर ते बदल त्याच परवान्याखाली द्यावे लागतात. म्हणून यादीत भर घालायची असेल तर मूळ फाइल्सना हात न लावता ॲड_एंट्री वापरा.